सांगितल्यावर पुढे काय?

(अमरावती येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात अकोल्याच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. मुलींची ओळख पटू नये म्हणून प्रसंगांतले तपशील बदलले आहेत.)

पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापला आहे : 'शाळकरी मुलींचे मानसिक आरोग्य आणि सायबर सुरक्षा'. विषय मोठा आहे आणि मी काही तज्ज्ञ नाही. मानसोपचार मी शिकलेले नाही. मोबाईलमधलं जे कळतं ते बरंचसं विद्यार्थिनींनीच शिकवलेलं आहे. सव्वीस वर्षं मी अकोला जिल्ह्यातल्या शाळांत मराठी शिकवलं आणि शाळा सुटल्यावर आपल्या सल्ला केंद्रात बसले. आता निवृत्त झाल्यापासून फक्त केंद्रातच बसते. तेव्हा मी जे बोलणार आहे ते वर्गातून आणि केंद्राच्या सतरंजीवरून दिसलेलं आहे. पटणार नाही तिथे मला अडवा.

गेल्या काही वर्षांत या दोन विषयांवरचे शाळांमधले कार्यक्रम एकदम वाढले. कारणं उघड आहेत. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाईलवर आलं. ज्या घरात मुलीच्या हातात फोन म्हणजे नाक कापलं गेलं असं समजत, त्या घरांतही तो द्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवरचा अत्याचार उघडकीस आला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि शासनाने २१ ऑगस्टला निर्णय काढला : शाळेत सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या निकालातलाच आकडा सांगते : २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले २,२४८ मृत्यू परीक्षेतल्या अपयशामुळे झाल्याची नोंद आहे. राज्यांच्या यादीत त्या वर्षी आपला महाराष्ट्र पहिला होता.

तेव्हा कार्यक्रम नकोत असं मी म्हणत नाही. उशिराने का होईना, शाळेला मुलांचं मन आठवलं हे चांगलंच झालं. पण कार्यक्रम झाला, फोटो निघाले, अहवाल गेला, आणि पुढे काय? कोणत्याही कार्यक्रमाला मी एकच प्रश्न विचारते. हा कार्यक्रम ऐकून एखादी मुलगी उठली आणि तिने आपल्यावर गुदरलेलं सांगितलं, तर त्यानंतर त्या मुलीचं काय होतं? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

मागच्या वर्षी एका शाळेने मला 'सायबर सुरक्षा' कार्यक्रमाला पाहुणी म्हणून बोलावलं. सभागृहात आठवी ते दहावीच्या मुली बसवल्या होत्या. मी विचारलं, मुलं कुठे आहेत? तर ती मैदानावर होती, कबड्डीचा सराव चालू होता. वक्ते चांगले तयारीचे होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते. सगळ्या सूचना मुलींना. मुलींनो, डीपीवर स्वतःचा फोटो ठेवू नका. मुलींनो, अनोळखी माणसाशी बोलू नका. रात्री नऊनंतर फोन आईकडे द्या. एक चूक झाली तर आईवडिलांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका? एकही हात वर गेला नाही. मुख्याध्यापक खूश झाले. म्हणाले, "सगळ्यांना समजलं."

चहा घेऊन मी पाण्याच्या टाकीकडे हात धुवायला गेले, तर नववीतली एक मुलगी मागोमाग आली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "बाई, एकडाव गेलेला फोटो वापस काढता येते काय?"

दोन तासांच्या कार्यक्रमात हा एक प्रश्न खरा होता, आणि तो सभागृहात विचारता येत नव्हता. कारण फोटो जाऊ देणारी मुलगी वाईट, हे तिला दोन तास ऐकवलं गेलं होतं. हात वर केला असता तर त्या वाईट मुलीचं नाव सगळ्यांना कळलं असतं.

मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "घरी सांगतलं तर बाबा पयले मोबाईल हिसकतीन, मंग शाळा बंद करतीन, अन् मंग मामाच्या गावचं स्थळ हायेच." मैत्रिणींनो, या पोरीला धोक्याची जाणीव नव्हती असं कोण म्हणेल? तिने आपल्या सगळ्यांपेक्षा नीट हिशेब मांडला होता. फोटो दाखवून धमकावणारा मुलगा एकीकडे आणि सांगितल्यावर जे घडणार ते दुसरीकडे. तिच्या हिशेबात मुलगा स्वस्त पडत होता. धमकावणाऱ्यांचा सगळा धंदा या हिशेबावर चालतो. मुलीचं घर आणि शाळा तिच्या बाजूने उभी राहणार नाही, याची त्यांना खात्री असते.

यात नवीन काय आहे? १९९४ साली आपल्याच रेल्वेमार्गावरच्या जळगावात काय झालं ते आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. तेव्हा मोबाईल नव्हते. कॅमेरे होते, फोटो आणि चित्रफिती होत्या, आणि त्यांच्या जोरावर मुलींना पुन्हा पुन्हा बोलावलं जात होतं. वर्तमानपत्रांनी त्याला 'वासनाकांड' असं नाव दिलं, जणू सगळा प्रश्न वासनेचाच होता. तो धाकाचा होता. किती मुली भरडल्या गेल्या हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण साक्ष द्यायला पुढे येणं म्हणजे आपणच आपलं लग्न, घर, गाव पणाला लावणं होतं. अनेक आरोपी सुटले. तेव्हा आपण म्हणत होतो की मुलींनी गप्प राहू नये. आज मला वाटतं, बोलणाऱ्या मुलीच्या मागे काय उभं करायचं याचं उत्तर आपल्यापाशी तेव्हा पुरेसं नव्हतं. शाळांपाशी ते आजही नाही.

आता आमच्या केंद्रातली एक गोष्ट सांगते. नववीची मुलगी. वर्गातल्या एका मुलाने तिचा साधा, शाळेच्या गणवेशातला फोटो घेतला आणि एका ॲपने तो दुसऱ्याच उघड्या शरीराला जोडला. आजकाल याला दोन मिनिटं लागतात. फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला. शाळेने काय केलं? मुलीच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि "वातावरण शांत होईपर्यंत" तिला घरी ठेवायला सांगितलं. मुलाने माफीपत्र लिहून दिलं आणि तो सहामाही परीक्षेला बसला. वातावरण शांत व्हायची वाट पाहत मुलगी दिवाळीपर्यंत घरी राहिली, मग कापूस वेचायला जाऊ लागली, आणि तुळशीच्या लग्नानंतर आई आमच्याकडे आली ती हे सांगायला की, "ताई, पोरीचं लगन ठरवून रायले. मले काहीच समजून नाही रायलं." त्या डीपीवर मुलीचा फोटो नसता तर हे टळलं असतं का? हाच फोटो शाळेने स्वतः पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस मिळालं म्हणून.

आम्ही ग्रामसेवकाला अर्ज दिला. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि गावात तो अधिकार ग्रामसेवकाचा आहे, पण गावातल्या माणसाला गावातलं लग्न अडवणं जड जातं. आम्ही चार बायका दोनदा गावी गेलो, मुलीच्या काकांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा लग्न पुढे ढकललं गेलं. पुढे ढकललं गेलं असंच म्हणते. शाळेत ती परत गेली नाही. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून दहावी दिली. पास झाली. पण वक्तृत्वाचं बक्षीस घेणारी ती मुलगी अजूनही चारचौघांत बोलत नाही. या सगळ्यात तिच्या मानसिक आरोग्याचा बिघाड कधी झाला म्हणायचा? फोटो फिरला तेव्हा, की शाळेने घरी बसवलं तेव्हा?

म्हणून मला हे दोन विषय वेगळे दिसत नाहीत. शाळेत सायबर सुरक्षेचा कार्यक्रम पोलीस घेतात आणि मानसिक आरोग्याचा डॉक्टर घेतात. मुलीसाठी ती एकच रात्र असते, पांघरुणाखाली फोन धरून जागी काढलेली.

आता आमच्या जिल्ह्यातली दुसरी बाजू सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्याच आठवड्यात, अकोला जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला अटक झाली. आठवीतल्या सहा मुलींना मोबाईलवर अश्लील चित्रफिती दाखवल्याचा आणि त्यांच्याशी लगट केल्याचा आरोप होता. वर्तमानपत्रांत गावाचं नाव आलं. मी ते इथे घेत नाही. लहान गाव, एक शाळा, आठवीचा एक वर्ग, म्हणजे गावाचं नाव घेतलं की सहाही घरं कळतात. पॉक्सो कायद्याचं कलम २३ मुलीची ओळख छापू नका म्हणतं ते याचसाठी. या प्रकरणात दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, फोन मुलींचा नव्हता, गुरुजींचा होता. मुलींचे फोन काढून घेण्याने त्या कशा वाचल्या असत्या? दुसरी, त्या मुली बोलल्या. तक्रार टोल-फ्री क्रमांकावरून बालकल्याण समितीपर्यंत पोचली, समितीची माणसं शाळेत आली, मुलींशी बोलली, आणि मग गुन्हा नोंदला गेला. शाळेबाहेरचं एक दार त्यांच्यासाठी उघडं होतं, आणि त्या सहाजणी होत्या, एकटीदुकटी नव्हती. मला वाटतं, कार्यक्रमांनी शिकायचं असेल तर या सहा मुलींकडून शिकावं.

शाळेतल्या शिक्षकांनाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक करण्याची कल्पना म्हणूनच मला धोक्याची वाटते. मी स्वतः शिक्षिका होते, शिक्षकांची निंदा करत नाही. चांगले शिक्षक आहेत, मुली त्यांच्यापाशी रडतात. पण जो गुण देतो, जो वडिलांना बोलावतो, आणि कधीकधी ज्याच्याचबद्दल तक्रार असते, त्याच्यापाशीच मन मोकळं करा असं सांगून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. चांगलं आहे. पण आपल्याकडे खेड्यातल्या कितीतरी शाळांचा पट साठ-सत्तरच्या वर जात नाही. अशा संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं असं निकालात म्हटलं आहे. ते जोडणं कोण करतं हे आपण विचारलं नाही तर ते कागदावरच राहणार.

तक्रारपेटीचंही तेच. मी एका शाळेत पेटी पाहिली. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराला लागून टांगलेली, वर सीसीटीव्हीचा कॅमेरा, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पेटीत चिठ्ठी टाकणारी मुलगी कॅमेऱ्यात दिसणार. पेटी वर्षभर रिकामी होती आणि शाळेला त्याचा अभिमान होता. मेळघाटाच्या बाजूला एका वसतिगृहात १०९८ हा क्रमांक भिंतीवर सुंदर रंगवलेला होता. फोन होता अधीक्षकांच्या टेबलावर. डोंगरात रेंज नाही, मुलींना मोबाईलची परवानगी नाही. तो क्रमांक मुलींनी कोणत्या फोनवरून फिरवायचा?

आता मनाच्या आजाराबद्दल. इथे आपणही चुकलो आहोत, ते आधी कबूल करते. आपल्या चळवळीत कितीतरी वर्षं आपण म्हणत आलो की बाईच्या डोक्यात बिघाड नाही, बिघाड समाजात आहे. वेडी ठरवून टाकलेल्या बायका आपण पाहिल्या होत्या, म्हणून असं म्हणणं गरजेचं होतं. पण त्या नादात मन खरोखर आजारी पडतं, त्याला औषध लागतं, हे आपण पुरेसं म्हटलं नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांनी आत्महत्या केली होती. आपल्या पश्चिम विदर्भात असं मूल नाही असा वर्ग शोधावा लागतो. 'माझी सुट्टी' या विषयावर तिने निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होतं की सुट्टी कधी संपूच नये, आपणच संपून जावं. मी त्या वाक्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक लाल शाईने दुरुस्त केली आणि दहापैकी सहा गुण दिले. महिन्याभराने ती जिल्हा रुग्णालयात होती. वाचली. मी भेटायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, तुमच्याजवळ काही बोलली होती काय व?" मी नाही म्हटलं. ती बोलली होती. वही माझ्या घरी होती.

ही गोष्ट मी पंधरा वर्षं कुठे सांगितली नाही. आज सांगते, कारण शिक्षकांना प्रशिक्षण नको असं कुणी माझ्या बोलण्यातून काढू नये. शिक्षकांना समुपदेशक करू नका, पण ओळखायला जरूर शिकवा. एकदम गप्प झालेली मुलगी, सारखं पोट दुखतं म्हणणारी मुलगी, वस्तू वाटून टाकणारी मुलगी. तिला सरळ विचारायचं की जगावंसं वाटत नाही असं होतं का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला सुटल्यासारखं वाटतं. मग तिला एकटं न सोडता पुढे न्यायचं. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात असतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार समजायचं नाही, त्याला उपचार द्यायचे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट केलं आहे. तरी पोलिसांच्या भीतीने घरची माणसं अजून खोटं कारण सांगतात. हे गावागावात सांगण्याचं काम आपलं आहे.

दुसरीकडे, ताणतणाव व्यवस्थापन नावाचे तास असतात. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, सकारात्मक विचार करा. श्वासाचा उपयोग होत नाही असं नाही. पण पहाटे पाणी भरून, भाकरी टाकून, निळ्या बसमध्ये पोरांची छेडछाड सोसत शाळेत आलेल्या मुलीला तुझे विचार नकारात्मक आहेत असं सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं. बसची तक्रार केली तर आगारप्रमुखांशी बोलायला कोण जाणार, हे त्या तासात कुणी सांगत नाही.

आणि ते फॉर्म! मुलांकडून प्रश्नावली भरून घेतात. रडू येतं का, घरी मारतात का, मरावंसं वाटतं का. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. एका शाळेत हे कागद वर्गाच्या मॉनिटरने गोळा केले. दुसरीकडे मोबाईल ॲपवर भरून घेतले, ती माहिती कुठे गेली हे शिक्षिकेलाही ठाऊक नव्हतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे. तेव्हा शाळेला विचारायचा आपल्याला हक्क आहे : हे कागद कोण वाचणार, कुठे ठेवणार, आणि ज्या मुलीने 'हो, मरावंसं वाटतं' असं लिहिलं तिच्याशी त्याच दिवशी कोण बोललं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर विचारूच नका.

आता एक अवघड मुद्दा. आपण मुलींना म्हणतो, आमच्याकडे ये, विश्वासाने सांग. पण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलामुलीबाबत लैंगिक गुन्हा कळला तर तो कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद. प्रकरणं दाबणाऱ्या शाळांसाठी हे कलम हवंच. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने एका मुलाबरोबर होती, आणि आता तो फोटो दाखवतो म्हणून ती आली, तर? २०१२ च्या कायद्याने संमतीचं वय अठरा झालं आहे, तेव्हा तिची मर्जी कायद्यापुढे नाही. तिने तोंड उघडलं की तिचं सगळं आयुष्य पोलीस ठाण्यात. याच भीतीने मुली येत नाहीत. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच करते : मुलगी बोलायला लागण्याआधी तिला सांगते की कोणती गोष्ट मी माझ्यापाशी ठेवू शकते आणि कोणती नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा असं कलम २४ म्हणतं, हेही सांगते. आणि तिच्याबरोबर जाते. फसवून विश्वास मिळवायचा नाही. तुम्ही काय करता ते चर्चेत सांगा.

त्या टाकीजवळच्या मुलीला मी काय उत्तर दिलं ते राहिलं. मी म्हटलं, प्रयत्न करता येतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची सोय २०२३ पासून आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. १९३० क्रमांक आहे, केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टल आहे. तिथे स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. धमकीचे मेसेज पुसू नको, तारीख-वेळ लिहून ठेव. कार्यकर्त्यांना एक सूचना : पुरावा म्हणून मुलीचा तो फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका, एकमेकींना पाठवू तर मुळीच नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य बाळगण्याबाबत कडक निकाल दिला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आणखी चार बायकांनी तो फोटो का पाहावा?

शेवटचा मुद्दा, मैदानावर कबड्डी खेळणाऱ्यांचा. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भर रस्त्यात पेटवलं. ती गेली. त्याच महिन्यात या अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वेच्या महाविद्यालयातल्या मुलींना शपथ देण्यात आली की आम्ही प्रेमविवाह करणार नाही. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही हेही शपथेत होतं, ते चांगलंच. पण पेटवणारा पुरुष होता आणि शपथ मुलींनी घेतली. मुलगा नकार पचवायला शिकेल अशी शपथ कुणी दिली नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी मांडणारं बुल्ली बाई ॲप निघालं. मुंबई पोलिसांनी सुरुवातीला पकडलेले आरोपी अठरा ते एकवीस वर्षांचे होते, त्यात एक मुलगीही होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, इंटरनेट बंद झालं. अकोल्यात ठिणगी पडली ती इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून. त्यानंतर आमच्याकडे उर्दू शाळेतल्या दोन मुली महिनाभर शिकवणीला आल्या नाहीत. द्वेष पसरवणं, परक्या समाजाच्या मुलीचा फोटो फिरवणं हा विषय कोणत्याही सायबर सुरक्षा कार्यक्रमात मी ऐकला नाही. फोन मुलांच्याही हातात आहे. मुलांचीही मनं आजारी पडतात, आत्महत्या त्यांच्यातही आहेत. त्यांना मैदानावर पाठवून कुणाचंच भलं होत नाही.

तर प्रत्येक गटाने येत्या तीन महिन्यांत आपल्या भागातल्या एका तरी शाळेत जावं, भांडायला नाही, बसून बोलायला. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती तिथे आहे का, तिची बैठक कधी झाली, तिच्यात शाळेबाहेरची कोणती बाई आहे, हे विचारा. जागा रिकामी असेल तर आपली बाई तिथे बसवा. मग पाच गोष्टी मांडा. कार्यक्रमाला मुलगे आणि शिक्षक दोघेही बसले पाहिजेत. तक्रारपेटी कॅमेऱ्यासमोर नको आणि किल्ली बाहेरच्या सदस्येकडे हवी. नाव घालून मनाचे फॉर्म भरून घेऊ नयेत. मुलींचे फोटो शाळेने विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नयेत. आणि पाचवी, ही लेखी घ्या : तक्रार करणाऱ्या मुलीला एकही दिवस घरी बसवलं जाणार नाही.

आणि आयांशी बोला. कार्यक्रमांत आयांना कुणी बोलावत नाही. त्यांना एवढंच सांगा की पोरीने काही सांगितलं तर पहिल्या तासात तीन गोष्टी करू नका : मारू नका, मोबाईल हिसकू नका, आणि 'तूच काही केलं असशील' म्हणू नका. बाकीचं आपण मिळून पाहू. एवढं पाच घरांत पोचलं तर त्या पाच घरांतल्या मुलींचा हिशेब बदलेल.

पुढच्या शिबिरात येताना शाळेने काय उत्तर दिलं ते लिहून आणा. नकार मिळाला तर तोही लिहून आणा.